वळताना इंजिन बंद पडतं, पण एसी लावला की पडत नाही

बाबांची_गाडी:

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. गाडी पेट्रोलची, १३ वर्षं जुनी, मॅन्युअल गिअर, पॉवर स्टिअरिंग ऑइलवालं. बाबांनी चालवणं सोडल्यापासून माझ्याकडे आहे. गेले दीड महिने हळू वेगात वळताना इंजिन बंद पडतं. सरळ रस्त्याला, चढाला, ८० च्या वेगात काही तक्रार नाही. पार्किंगमधून काढताना किंवा यू टर्न घेताना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, की आरपीएमचा काटा झोपतो, डॅशबोर्डवर लाल दिवे लागतात आणि स्टिअरिंगचा दगड होतो. परवा यू टर्नच्या मधोमध आडवी अडकले. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

किल्ली फिरवली की लगेच सुरू होते, जणू काही झालंच नाही.

गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग फ्युएल पंप. दोन्ही वेळा "आता नाही पडणार." दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पडली. आता ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलू म्हणतोय. आणि एक विचित्र गोष्ट: एसी चालू असला की बंद पडत नाही. हे सांगितल्यावर तो हसला. "मॅडम, एसीने लोड वाढतो, कमी नाही होत." मी गप्प बसले. पण माझं निरीक्षण पक्कं आहे.

रिझर्व्हवर:

टाकीत पेट्रोल किती असतं? कमी असेल तर वळताना ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. माझी गाडी फक्त डावीकडे वळताना गचके द्यायची, टाकी भरल्यावर थांबली.

बाबांची_गाडी:

टाकी फुल करून पाहिली. फरक नाही. डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे पडते.

जुना_डिझेलवाला:

एवढा विचार कशाला? आयडलचा, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याचा, स्क्रू थोडा वाढवून घ्या. आम्ही आयुष्यभर तेच केलं.

तेलकट_हात:

काका, कार्बोरेटरच्या गाडीत ते चालायचं. इथे आयडल ईसीयू ठरवतो. स्क्रू फिरवून मूळ दुखणं फक्त झाकलं जाईल.

ताई, आधी एक ठरवा: गाडी *वळल्यामुळे* बंद पडते, की *स्टिअरिंग फिरवल्यामुळे*? ऐकायला एकच, पण कारणं वेगळी. गाडी वळली की पेट्रोल हलतं, इंजिन माउंटिंगवर झुकतं, एखादी वायर ताणली जाते. नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर यातलं काही होत नाही, फक्त स्टिअरिंगच्या पंपावर लोड येतो. म्हणून इंजिन गरम करा, न्यूट्रल, हँडब्रेक, एसी आणि हेडलाइट बंद. जागेवरच स्टिअरिंग सावकाश या टोकाला आणि त्या टोकाला न्या, काटा बघा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो. मग हेच एसी लावून करा.

बाबांची_गाडी:

केलं. एसी बंद: काटा ८०० वर, स्टिअरिंग टोकाला नेलं की ५०० वर, सगळी गाडी थरथरते. तिसऱ्या वेळी जागेवरच बंद पडली! एसी चालू: काटा आधीच ९५० वर, टोकाला ७०० पर्यंत उतरतो आणि तग धरतो.

तेलकट_हात:

मग तुमचं निरीक्षण बरोबर होतं, आणि सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. गॅरेजवाल्याने हसायला नको होतं.

तुमचा स्टिअरिंग पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो. गाडी हळू असताना चाक वळवायला सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि नेमकं तेव्हाच इंजिन आयडलला असतं, म्हणजे अंगात दम नसतो. म्हणून पंपावर किंवा त्याच्या प्रेशर पाइपवर एक छोटा प्रेशर स्विच बसवलेला असतो. प्रेशर वाढलं की तो ईसीयूला कळवतो आणि ईसीयू हवा वाढवून आयडल सावरतो. एसीचं बटण दाबल्यावरही ईसीयू हेच करतो. तुमच्याकडे एसीला आयडल चढतं, म्हणजे ईसीयू ठीक आणि आयडल व्हॉल्व्हही हलतोय. स्टिअरिंगची खबर तेवढी पोचत नाहीये. ईसीयू अजिबात बदलू नका.

तो स्विच शोधा, कनेक्टर काढून आत बघा. त्याच खेपेला थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून घ्या, १३ वर्षांत काजळी साचलेली असणारच. स्प्रे कापडावर मारून पुसा.

तोवर चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर क्लच दाबा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पंपिंग केलंत तर सर्वोचा (ब्रेकला जोर देणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूमचा साठा संपतो आणि पेडल कडक होतं. आणि किल्ली बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

रिझर्व्हवर:

माझं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. त्यात पण हा स्विच असतो?

तेलकट_हात:

नाही, तिथे पंपच नाही. मोटर जागेवर वळताना भरपूर करंट ओढते, म्हणून बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगपासून सुरुवात.

बाबांची_गाडी:

सापडलं! दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. हा स्विच पंपाच्या खालच्या बाजूला, हात जेमतेम जातो. कनेक्टर काढला तर आत काळं तेल भरलेलं, आणि एक वायर टोकाला हिरवी पडून तुटलेली. नुसती इन्सुलेशनच्या आधाराने लटकत होती. त्याने आधी ती वायर इंजिन चालू असताना बॉडीला टेकवली आणि मला काटा बघायला सांगितलं. ८०० वरून सरळ वर! म्हणाला, वायरिंगचा डायग्राम बघितल्याशिवाय असं कुठेही टेकवायचं नाही, सगळ्या गाड्यांत स्विच सारखा नसतो.

वायर जोडली, कनेक्टर धुतला, थ्रॉटल बॉडी पुसली. कापड बुटाच्या पॉलिशसारखं झालं. आता एसी बंद ठेवून टोकाला नेलं तर काटा जरासा दचकतो आणि परत ८०० वर येतो. काल मुद्दाम दहा यू टर्न घेतले.

तेल कुठून आलं याचाही शोध लागला. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तो वरचा पाइप मागे गळत होता. मीच क्लिप आवळली होती. खाली पुसायचं राहिलं."