बडोद्यात केमन: १० मिमी खाली की २० मिमी खाली?

अकोटेकर
मंडळी, वापरलेली पोर्श ७१८ केमन एस घ्यायचं ठरलंय. घरी सांगून झालंय, म्हणजे आता माघार नाही. दोन गाड्या समोर आहेत. पांढरीला साधं पीएएसएम (पोर्शचं ॲक्टिव्ह सस्पेन्शन) आहे, म्हणजे मूळ स्टील सस्पेन्शनपेक्षा १० मिमी खाली. निळीला पीएएसएम स्पोर्ट सस्पेन्शन, २० मिमी खाली. निळी कमी चाललेली आहे, आणि दिसते अशी की काय सांगू. किंमत जवळपास सारखीच.

राहायला अकोट्यात, पार्किंग तळघरात. रविवारी सकाळी हालोल-पावागढ, अधूनमधून एक्सप्रेस-वेनं अहमदाबाद. आई मांडवीजवळ जुन्या वाड्यात राहते, तिथे नेण्याचा प्रश्नच नाही, तिकडे ॲक्टिवा. १० मिमी म्हणजे बोटाची जाडीसुद्धा नाही. एवढ्याशानं खरंच फरक पडतो का?

रावपुरा_रेसर
बिनधास्त निळी घे रे. पीएएसएम आहे ना? बंप आला की बटण दाब, गाडी वर. पुढे गेलास की पुन्हा दाब, खाली. पैसे कशाचे मोजतोयस मग!

स्ट्रटवाला
रेसरभाऊ, असं सांगून एखाद्याचा बंपर घालवाल. पीएएसएमचं बटण उंची बदलत नाही. ते डॅम्परची (शॉक ॲब्सॉर्बरची) कडकपणाची रीत बदलतं, बस. गाडी उभी राहते स्टीलच्या स्प्रिंगवर, आणि स्प्रिंग जेवढी आहे तेवढीच. उंची बदलणारी असते ती एअर सस्पेन्शन, केमनला ती येत नाही.

९९२ मालिकेच्या ९११ ला पुढचा ॲक्सल उचलायची सोय पर्यायात मिळते, साधारण ४० मिमी. तीही फक्त पुढून. मागची चाकं जिथल्या तिथे, त्यामुळे दोन्ही चाकांच्या मधोमध पोटाखाली वाढतात २० मिमीच. नाक वाचतं, पोटाला अर्धीच मदत.

आता १० आणि २० मधला फरक. ७१८ ला पुढे-मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे वर स्प्रिंग-डॅम्परचा खांब नि खाली आर्म. अशी गाडी खाली घेतली की खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक तुलनेनं वर जातं, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतं. म्हणजे गाडी बुटकी होऊनही वळणावर कलायला जास्त मागते. म्हणून नुसती उंची कमी करून भागत नाही, स्प्रिंग आणि अँटी-रोल बारही (कलणं रोखणारी दांडी) कडक द्यावे लागतात. स्पोर्ट सस्पेन्शनमध्ये तेच केलंय. तर तुम्ही १० मिमी विकत घेत नाही आहात, कडकपणा विकत घेताय. जुन्या पादरा रोडवर पावसाळ्यानंतर एकदा चक्कर मारा नि ठरवा.

इंदूरचा_बाळ्या
मी इंदूरला चार वर्षं एक खाली बसवलेली कूपे वापरली (कंपनी नाही सांगत, गाडीचा दोष नव्हता, माझाच होता). आधीच्या मालकानं बाहेरच्या स्प्रिंगा टाकल्या होत्या. प्रत्येक खड्ड्यात बंपस्टॉपवर ‘ठक्क’. त्यात एका मेकॅनिकच्या नादी लागून उंची वाढवायला स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवले. तेवढे वेढे काम करेनासे झाले, उरलेल्या स्प्रिंगवर सगळा भार, आणि गाडी बैलगाडी झाली. निळी घेऊन नंतर बफर टाकू असा विचार मनात आला असेल तर काढून टाक.

चाकं बघितलीस का? २० इंचांवर पुढचा टायर २३५/३५, म्हणजे बाजूची भिंत ८२ मिमी. १८ इंचांवर २३५/४५, १०६ मिमी. टायरची एकूण उंची जवळपास तीच राहते, म्हणून क्लिअरन्स (पोट ते जमीन अंतर) बदलत नाही, पण भुवा, म्हणजे खचलेल्या रस्त्याचा खड्डा, आला की ते २४ मिमी रिम वाचवतात.

भुवाशोधक
बाळ्याभाऊ, इंदूरला भुवा म्हणतात? 😄 हा तर आमचा शब्द. पाऊस पडला की बडोद्यात रस्ता आपोआप पोटात जातो. तिथे १० आणि २० चा हिशोब कोण करणार, अख्खी गाडीच आत.

विनोद बाजूला. अकोटेकर, तुमचा खरा शत्रू रस्त्यावरचा बंप नाही, सोसायटीतला आहे. १९८८ च्या आयआरसी ९९ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची गतिरोधकांची नियमावली) गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा असा दिलाय. केमनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४७५ मिमी. गाडी अशा बंपच्या बरोबर माथ्यावर आली की चारही चाकं बंपवरच असतात, आणि मधला फुगवटा चाकांच्या रेषेच्या वर येतो फक्त ४५ मिमी. करून बघा: १२३७ चा वर्ग भागिले ३४,०००. कुठलीही केमन हसत जाईल. पण सोसायटीवाले फूटभर रुंदीचा, वीतभर उंचीचा दंडगोल ओततात. तिथे चाकं खाली नि बंप मध्ये, म्हणजे उंची पूर्णच्या पूर्ण पोटाला.

स्ट्रटवाला
उत्तम सांगितलंत. आणि तळघराचा रॅम्प विसरू नका. खाली न घेतलेल्या केमनचा मधोमध क्लिअरन्स समजा १३० मिमी, तर या व्हीलबेसला गाडी जेमतेम १२ अंशांचा माथा ओलांडते. निळीसारखा २० नं कमी, म्हणजे ११० असेल तर १० अंशांच्या जरा वर. १:५ चा रॅम्प ११.३ अंशांचा असतो. म्हणजे माथा गोल केलेला नसेल तर २० मिमीनं ‘जाते’चं ‘घासते’ होतं. १:८ चा असेल तर सात अंश, मग खुशाल निळी घ्या.

अकोटेकर
हे वाचून काल रॅम्प मोजायला गेलो, पण कोन कसा मोजायचा ते जमेना. मोबाइलचं लेव्हल ॲप दर वेळी वेगळंच सांगतं.

भुवाशोधक
कोन मोजूच नका. सुताराकडून आठ फुटांची सरळ पट्टी आणा. २४४० मिमी भरते, तुमच्या व्हीलबेसपेक्षा ३५ नं कमी, चालेल. दोन्ही टोकांना खाली लाकडी गुटके ठोका, गुटक्याची उंची म्हणजे गाडीचा क्लिअरन्स. एक जोडी १२० ची, एक ११० ची. पट्टी रॅम्पवरून गाडीसारखी हळूहळू ओढत न्या. मधोमध टेकली की गाडी टेकली. वर दोन माणसं बसल्यावर गाडी आणखी दबते, तेव्हा निसटती गेली तर ‘नाही’ समजा.

अकोटेकर
केलं! वॉचमनकाका विचारत होते, ‘साहेब, बेड बनवताय का?’

आधी विक्रेत्याकडे जाऊन दोन्ही गाड्यांखाली मोजपट्टी सरकवली. पांढरी सव्वाशेच्या जरा आत, निळी त्याहून बरोबर एक बोट कमी. (हो, १० मिमी म्हणजे माझी करंगळी. बोटाची जाडी नाही म्हणालो होतो, शब्द मागे घेतो.) मग रॅम्प. १२० चे गुटके: वरच्या कडेवर पट्टीखालून वर्तमानपत्राची घडी जाईल इतकी फट. ११० चे: पट्टी कडेवर बसली आणि सीसॉसारखी डोलायला लागली. गेटजवळच्या बंपवर तर दोन्ही अडकल्या.

स्ट्रटवाला
म्हणजे निळी संपली. पांढरीसुद्धा भरल्या गाडीत घासेलच, त्यामुळे सोसायटीकडून कडेचा तो धारदार कोपरा दोन-तीन फूट लांबीत गोल करून घ्या. अर्ध्या दिवसाचं कडियाचं (गवंड्याचं) काम. गेटच्या बंपला दोन्ही बाजूंनी उतार भरून घ्या, तोवर तिरकं ओलांडा, एकेक चाक चढवत.

आणि पांढरी घेण्याआधी लिफ्टवर चढवून खालचं प्लॅस्टिकचं आवरण बघा. लांबट समांतर ओरखडे मधोमध असतील तर आधीच्या मालकाचाही रॅम्प तुमच्यासारखाच होता. स्क्रू गायब नाहीत ना, तेही बघा.

रावपुरा_रेसर
निळी घेऊन बाहेर सर्व्हिस रोडवर लाव की रे.

अकोटेकर
२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री घुसली तेव्हा सर्व्हिस रोडवरच्या गाड्या कुठे होत्या आठवतंय ना? तळघरातल्या गाड्यांचीही तीच गत झाली म्हणा. पण रोज रात्री तरी छताखाली हवी.

पांढरीला बयाणा दिला. आवरणावर दोन ओरखडे आहेत, आडवे, म्हणजे फुटपाथचे असावेत. स्क्रू सगळे जागेवर. सेक्रेटरी म्हणाले रॅम्प गोल करू, पण खर्च तुमचा. आता कडिया शोधतोय.

भुवाशोधक
अभिनंदन! ती पट्टी फेकू नका हं. आमच्या गोत्रीच्या सोसायटीत नवीन बंप ओतायचा घाट घातलाय, मीटिंगला दाखवायला हवीय. शनिवारी घ्यायला येतो.