मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला बुरशी, खर्च कोणाचा?

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत लीव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापर-परवाना करारावर) राहतो, करार नोंदवलेला आहे. जुनी इमारत, आमचा दुसरा मजला. जुलैपासून बेडरूमच्या भिंतीला छताच्या खाली वीतभर फुगवटे आले, मग पोपडे सुटले, आता कपाटामागे काळे-हिरवे ठिपके पसरलेत. साड्यांना कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव. सासूबाईंना दमा आहे, त्यांचं अंथरूण हॉलमध्ये हलवलं. ब्लीचने पुसलं की जाते, थोड्या दिवसांत पुन्हा हजर. भिंतीपलीकडे आमचं बाथरूम, त्याच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्याचं.

मालक म्हणतात, "तुम्ही कपडे घरात वाळत घालता, खिडक्या उघडत नाही. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार." पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे ते मात्र सांगत नाहीत! करारात "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने (म्हणजे आम्ही) करावी" एवढंच आहे. हे किरकोळमध्ये येतं का? खर्च भाड्यातून वळता करता येईल का? नोव्हेंबरमध्ये करार संपतोय.

ओलावा_शोधक: आधी पाणी येतंय कुठून ते ठरवा, भांडण नंतर. भिंतीचा एक तुकडा कोरडा पुसून त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर घरातली दमट हवा, म्हणजे मालकांच्या म्हणण्यात तथ्य. भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. तुमच्या वर्णनावरून मला वरच्यांच्या नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) संशय येतो. आणि ब्लीचसोबत अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर चुकूनही वापरू नका, विषारी वायू होतो.

कोथरूडचा_मालक: मालकाच्या बाजूने बोलतो, रागावू नका. माझ्या भाडेकरूंनी बाथरूमचा एक्झॉस्ट कागद लावून बंद केला होता, वर बुरशीचं खापर माझ्यावर. पण छताजवळची ओल आणि पोपडे हा कपड्यांचा प्रताप वाटत नाही. ते काम मालकाचंच.

कलम_वाचक: भाडं परस्पर कापू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण ही सोय भाडेकरूला आहे. लीव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, लायसन्सी; त्याचं बरंचसं करारावर अवलंबून. म्हणून मालकाची लेखी संमती घेऊनच खर्च करा. दुसरं, "डिपॉझिट देईपर्यंत घर सोडत नाही" असं करू नका. मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई लागते.

सोसायटीचंही समजून घ्या. बाहेरची भिंत, गच्ची, सामाईक पाइप गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती असेल तर ती वरच्या सभासदाने करायची. सेक्रेटरी तुम्हाला दारात उभं करणार नाहीत, कारण सभासद मालक आहेत. तक्रार त्यांच्याच सहीने जायला हवी.

डोंबिवलीकर (धागाकर्ती): सगळ्यांचे आभार. फॉइल काढलं, भिंतीकडची बाजू चिंब, खोलीकडची कोरडी ठणठणीत. व्हिडिओ काढून तारखेसह मालकांना ईमेल केला. फोनवर आवाज बराच खाली आला, सोसायटीला पत्र द्यायला तयार आहेत, पण "मजकूर तुम्हीच लिहा" म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र प्लंबरला आत घ्यायला तयार नाहीत, "आमच्याकडे काही गळत नाही" एवढंच. सभासदाने सेक्रेटरीला द्यायच्या गळतीच्या पत्राचा नमुना कुणाकडे असेल तर इथेच टाका. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार नाही, हे मालकांकडून आत्ताच लेखी घ्यावं का?