खेळणं वयाच्या तक्त्याप्रमाणे घ्यावं की मुलाकडे बघून?

उंटावरचा_काका: पुतण्या सव्वा वर्षाचा झालाय आणि घरातले सगळे 'या वयाला हेच खेळणं' असा तक्ता घेऊन खरेदीला निघालेत. माझ्या मते खोक्यावरचं 'बुद्धीला चालना, १२ ते १८ महिने' हे निव्वळ विक्रीसाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासात मुलं एकटी चालू लागण्याचं वय ८.२ पासून थेट १७.६ महिन्यांपर्यंत पसरलंय. सुमारे ४ टक्के मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत! मग सगळ्यांना एकच खेळणं कसं चालेल? आमचं पोरगं सध्या डब्यात चमचे टाकतं, डबा पालथा करतं, परत टाकतं. टाकता-काढता येईल असं काहीतरी द्या की.

शंकासुर: असहमत. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' हेही खोक्यावरच असतं, आणि त्याचा हुशारीशी संबंध नाही, घशाशी आहे. जेमतेम ३२ मिमी व्यासाच्या नळकांड्यात जो तुकडा मावतो, तो धोक्याचा. पुतण्या कितीही चलाख असो, मणी तोंडातच जाणार. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

उंटावरचा_काका: इशारा मान्यच आहे हो. मी 'बुद्धीला चालना'बद्दल बोलतोय.

दुपारची_झोप: तक्त्यालाही इतकं झोडपू नका. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या 'कोणत्या वयाला काय जमतं' या यादीत पूर्वी साधारण निम्म्या मुलांना जे जमतं ते असायचं. २०२२ पासून किमान ७५ टक्के मुलांना जमतं तेच ठेवलंय. म्हणजे त्यातलं राहिलं तर 'करेल आपापल्या वेळेला' म्हणत बसायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर बोलका ससा आणून काय होणार? आधी कान तपासा.

आज्जी_जोरात: बोलक्या सशाने काय घोडं मारलंय? माझी नात त्याच्याबरोबर गाणी म्हणते. घरात सगळे कामात, खेळणं तरी बोलतं.

दुपारची_झोप: म्हणू दे की आज्जी. पण २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, १० ते १६ महिन्यांच्या मुलांचा. आवाज करणारं खेळणं असलं की आईवडीलच कमी बोलायचे, पुस्तक असलं की भरपूर. खेळणं बोलतं म्हणून माणसं गप्प बसतात, गोची तिथे आहे.

आज्जी_जोरात: मी आणि गप्प? ससा 'चेंडू कुठाय' विचारतो, ती पलंगाखाली बोट दाखवते, चेंडू मलाच काढावा लागतो. सशाला काय कळतंय!

उंटावरचा_काका: 😀 बरं, आता वॉकर, म्हणजे मुलाला आत बसवायचं चाकांचं, आणायचं घाटतंय. लवकर चालेल म्हणे.

शंकासुर: अजिबात नको. कॅनडात २००४ पासून बंदी आहे. मूल जिन्यावरून गडगडतं, आणि चालायलाही लवकर शिकत नाही. धरून उभं राहतं ना? मग मागून ढकलत चालायचा, बिनघसरता पांगुळगाडा द्या, आणि मागे कोणीतरी राहा.