शब्दचर्चा: ‘स्केल’ आणि ‘गेज’, दोन्हींना ‘माप’ कसं चालेल?

मोजपट्टी: नेरळ–माथेरान गाडीच्या प्रतिकृतीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद चालू आहे. स्केल १:३५, गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. मसुद्यात दोन्हीकडे ‘माप’ पडलंय. ‘१:३५ मापाची १६.५ मापी गाडी’ वाचून कुणाला काय बोध होणार?

शुद्धमती: स्केल म्हणजे प्रमाण. भूगोलात नकाशाचं अंकप्रमाण सगळेच शिकलेत. गेजला ‘मापी’ रूढ आहे: रुंदमापी, मीटरमापी, अरुंदमापी.

स्लीपर: बातमीबाहेर ‘अरुंदमापी’ कोण बोलतं? लोक नॅरोगेजच म्हणतात. शिवाय माथेरान ६१० मिमी, जुनी बार्शी लाईट रेल्वे ७६२ मिमी होती. दोन्ही तुमच्या लेखी अरुंदमापीच, पण प्रतिकृती करणाऱ्याचं सगळं गणित त्या फरकावर उभं असतं.

काटकोन: बरोबर. तयार रूळ ९, १२, १६.५ मिमीचे मिळतात, म्हणून आधी रूळ ठरतो, प्रमाण मागून येतं. ७६२ भागिले १२ म्हणजे ६३.५, १:६४ चपखल बसलं. ६१० भागिले १६.५ म्हणजे ३७.

शुद्धमती: मग पत्रकात ३७ का नाही?

काटकोन: कारण १:३५मध्ये लष्करी प्रतिकृतींची माणसं, पिंपं, हत्यारं आयती मिळतात. खऱ्या गाडीच्या हिशेबात अंतर ३२ मिमीने कमी भरतं, ते डोळ्याला कळत नाही. याउलट १:८७ घेऊन ९ मिमी रूळ वापरलात तर त्याच हिशेबात ७८३ मिमी होतात. माथेरानचा डबा फतकल मारल्यासारखा दिसतो. ६.५ मिमीवर जावं तर इंजिन इतकं हलकं की जरा धूळ बसली की जागच्या जागी थांबतं.

रूळवेडा: ‘रूळ’ हा शब्द ‘रुळणे’वरूनच आला, नाही का? चाकं रुळतात म्हणून.

शुद्धमती: छे! आखायचा रूळ असतो ना, ‘रूलर’वरून आलेला? तोच हा.

स्लीपर: दोन्ही अंदाजच. त्यापेक्षा पत्रकात स्लीपरचं, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांचं लिहा. १६.५चा तयार रूळ १:८७साठी केलेला असतो, त्याचे स्लीपर फार दाट आणि आखूड. १:३५ला दोन फुटांवर एक धरला तरी साडेसतरा मिमी अंतर हवं, लांबी ३५ मिमीच्या आसपास. पण तयार रुळाचे सगळे प्लॅस्टिकचे स्लीपर काढले की दोन रुळांमधलं अंतर सुटतं. दर पाचवा स्लीपर तांब्याचा पत्रा चढवलेल्या पट्टीचा घ्या, १६.५चा ठोकळा मध्ये धरून झाळा, बाकीचे लाकडी.

काटकोन: आणि त्या पट्टीवरचं तांबं मधोमध कानशीने तोडा. नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होतो, आणि आपण बिचाऱ्या इंजिनाला दोष देत बसतो.

मोजपट्टी: गाडी रूळ बदलते त्या सांध्याचं काय? तिथले स्लीपर असे सोडवता येत नाहीत.

स्लीपर: सांध्याला हात लावू नका. सरकत्या जिभेखालचे स्लीपर तर अजिबात नाही. खडीत बुडवा, वर रंगवा.

शुद्धमती: ‘जीभ’ की ‘पाते’?