मदत हवी आहे : निवडुंग आक्रसून मातीत चाललाय!

मृण्मयी_डी : निवडुंग दिवसेंदिवस खाली बसतोय. टेनिस बॉलएवढा होता, आता नुसती टाळू मातीवर दिसते, तीही सुरकुतलेली, जांभळट. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, गेला. पाणी वाढवू का? प्लीज लवकर सांगा.

गच्चीबाग : पाणी अजिबात नको! कुंडीतून काढा, मुळं तपासा, सडलेली छाटून दालचिनीची पूड लावा. ठाण्यात माझे तीन असेच वाचलेत.

काटेकोर : थांबा, उपटू नका. जात कोणती? राहता कुठे? कुंडी आत की बाहेर?

मृण्मयी_डी : लेबलवर पेडिओकॅक्टस सिम्पसोनाय. डेन्व्हर. बाहेरच होती, बर्फ सुरू झाल्यावर आत घेतली, हीटरशेजारी.

सुखवस्तू : काटेरी झाड घरात ठेवूच नये. वास्तूला चांगलं नसतं.

गच्चीबाग : अहो, डेन्व्हर आधी सांगायचं ना! मी ठाण्याच्या दमटपणाचा विचार करत होते. तरी मुळं बघाच.

काटेकोर : गच्चीबाग, सुप्तावस्थेत मुळं दुखावली तर ती सडतील. ताई, हा तुमच्या कोलोरॅडोच्याच डोंगरांतला, युटा-वायोमिंगमध्येही होतो, पार तीन हजार मीटरच्या वर. थंडीत अंगातलं पाणी कमी करतो, कारण पाण्याने टरटरलेल्या पेशी गोठल्या की फुटतात. म्हणून आक्रसतो. बोट लावून बघा, टणक आहे ना? त्याला मारेल तो हीटर. गारठा मिळाला नाही तर वसंतात माथ्यावर ती गुलाबी फुलं कशी येणार?

बोल्डरकर : आमच्याकडे ट्रेलवर पाइनच्या झाडांखाली दिसतात. एक उपटून आणू का?

काटेकोर : कृपा करून नको! रानातून उपटलेले बहुतेक कुंडीत जगत नाहीत. बियांपासून वाढवलेलं रोप विक्रेत्याकडून घ्या.

थंडगार : काटेकोरांचं बरोबर, पण कुंडीतली मुळं जमिनीतल्यापेक्षा जास्त गारठतात. ओल असेल तर संपलंच. आधी काही दिवस गॅरेजमध्ये, मग भिंतीलगत, वळचणीखाली. मातीत निम्म्याहून जास्त खडी हवी.

मृण्मयी_डी : टणक आहे! गॅरेजमध्ये हलवली. माती नर्सरीचीच आहे, काळी, भुसभुशीत. आता बदलू की वसंतात?