‘सेव्हन साम्स’चा सलगपणा

अमेरिकी गायक-गीतकार पॉल सायमन यांच्या ‘सेव्हन साम्स’ (म्हणजे ‘सात स्तोत्रे’) या अल्बममध्ये (२०२३) गुणगुणावे असे एकही गाणे नाही, ही काही चाहत्यांची तक्रार मला अर्धीच पटते. सात भागांचा, सुमारे ३३ मिनिटांचा हा अल्बम एकाच सलग ट्रॅकच्या रूपात आला, म्हणजे आवडता तुकडा निवडून ऐकण्याची सोय जाणूनबुजूनच ठेवलेली नाही. ‘द लॉर्ड’ हे पहिल्या भागाचे गीत मध्येमध्ये परतते, तेव्हा ते ध्रुवपदासारखे भासते आणि पुढचे-मागचे भाग त्याच्याशी बांधले जातात. ८१व्या वर्षी सायमन यांचा आवाज पातळ झाला होता, हे मान्य; परंतु शेवटाकडे त्यांच्या पत्नी, गायिका एडी ब्रिकेल यांचा स्वर त्यात मिसळतो, तो भाग मी पुन्हापुन्हा ऐकतो (त्यासाठी दर वेळी अंदाजाने पुढे सरकवावे लागते, हा वैताग आहेच).