मदत हवी आहे: लोअर आर्मचे बुश रबरी घालू की पॉलियुरेथेनचे? पुढचे टायर आतून झिजतायत

घोडबंदरकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न लोअर आर्मच्या, म्हणजे पुढचं चाक खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या बुशांचा आहे. बुश म्हणजे त्या सांध्यातली गादी, मूळची रबरी; पॉलियुरेथेन हे त्याऐवजी वापरतात ते जास्त कडक साहित्य.

माझी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). रोज कासारवडवलीहून महापेला जातो. माजिवडा, तीन हात नाका, ऐरोली पूल, मग ठाणे-बेलापूर रस्ता, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. घोडबंदर रोडची अवस्था इथल्या बहुतेकांना माहीत आहेच. मेट्रोच्या कामामुळे अरुंद झालेल्या पट्ट्यांत खड्डा चुकवायला जागाच नसते, त्यात गाडी जातेच. त्यामुळे सस्पेन्शन आज ना उद्या बोलणार हे गृहीत धरलं होतं.

जूनपासून तीन गोष्टी दिसतायत. एक, ब्रेक दाबला की गाडी जराशी डावीकडे सरकते आणि ब्रेक सोडला की परत येते. स्टेअरिंग धरून ठेवलेलं असलं तरी हे होतं. दोन, ऐरोली पुलावर ७०च्या आसपास गाडी सरळ ठेवायला हाताने सतत बारीक बारीक दुरुस्ती करावी लागते. पूर्वी हे अजिबात नव्हतं. तीन, टायर. १८५/६५ आर१५चे दोन नवे टायर टाकून १४ हजारच किलोमीटर झालेत. बाहेरच्या कडेला ५ मिलीमीटर नक्षी शिल्लक आहे आणि आतल्या कडेला जेमतेम २. कायद्याने १.६ला टायर बाद होतो, म्हणजे बाहेरून नव्यासारखा दिसणारा टायर आतून संपत आलाय. मला हे कळलं तेही योगायोगाने, स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी उभी केली होती तेव्हा. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणेच असते, दर पंधरा दिवसांनी तपासतो.

व्हील अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) चार महिन्यांत दोनदा केलं. दोन्ही वेळा मशीनच्या कागदावर सगळं हिरवं, म्हणजे मापात. पहिल्या वेळी आठवडाभर बरं वाटलं, दुसऱ्या वेळी तेवढंही नाही. तिथल्या माणसाने सांगितलं, "रस्तेच असे आहेत, टायर बदला." मला ते पटलं नाही. नवे टायर टाकले तर तेही असेच जातील ना?

मग आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशपाशी टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवलं, तर डावीकडचा बुश चांगलाच हलतो. रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलाईत सुटलंय. उजवीकडे भेगा आहेत, पण अजून धरून आहे. टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) आणि बॉल जॉइंट (आर्मचा चाकाकडचा सांधा) ठीक आहेत म्हणाले. त्यांचा सल्ला, दोन्ही आर्म पूर्ण बदला, मजुरीसह साडेसहा हजार. ऑफिसमधला एक मित्र म्हणतो नुसते बुश प्रेसवर बदल, आणि बदलतोच आहेस तर पॉलियुरेथेनचे टाक, स्टेअरिंग एकदम घट्ट होईल आणि पुन्हा बघावं लागणार नाही.

माझी अडचण अशी. स्टेअरिंग नेमकं हवं आहे, टायर वाचायला हवेत, पण आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि आठवड्यातून दोनदा तिला वाशीला फिजिओथेरपीसाठी याच गाडीतून नेतो. प्रत्येक खड्ड्याला तिचा हात दरवाज्याच्या हँडलवर जातो, ते मला बघवत नाही. गाडी आणखी कडक झाली तर मला चालणार नाही.

पॉलियुरेथेनने खड्ड्यांचा दणका किती वाढतो? नुसता बुश की पूर्ण आर्म? आणि हे काम आधी करून मग टायर घेऊ की दोन्ही एकदम? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

ठाणेकर_७४:

मिस्त्री बरोबर आहेत. टायर आधी घेऊ नका.

एक सोपी गोष्ट घरीच करून बघा. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं टोचलं, तर दोष 'टो'चा आहे, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली आहेत. दोन्हीकडून सारखंच लागलं आणि नुसताच उतार असला तर कॅम्बरचा, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कललं असल्याचा संशय घ्यायचा. मधे मधे खळगे असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग.

तुर्भे_गॅरेज:

दादा, वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा लांबण लावतो.

कागद हिरवा आणि टायर खराब, असं का होतं ते आधी समजून घ्या. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. त्या वेळी बुशवर रस्त्याचा जोर नसतो, सुटलेलं रबरही आपल्या जागी बसलेलं असतं. रस्त्यावर तुम्ही ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं. तुमच्या गाडीत तो जोर मुख्यतः आर्मच्या मागच्या बुशने झेलायचा असतो. त्याने झेलला नाही की आर्म पुढच्या बोल्टभोवती फिरतो, चाक मागे सरकतं, पण टाय रॉड आपल्या जागी पक्का असतो. मग चाकाचं तोंड वळतं. डावा बुश जास्त गेलाय, म्हणून डावीकडे. ब्रेक सोडला की चाक परत जागेवर. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे.

टायरचं गणित ऐका. दोन्ही चाकं पाव-पाव अंश जरी बाहेर वळलेली राहिली, तरी प्रत्येक चाक किलोमीटरमागे चार मीटरहून जास्त आडवं घासलं जातं. तुमच्या रोजच्या पन्नास किलोमीटरला दोनशे मीटर टायर आडवा फरफटतो. चौदा हजारात आतली कड का गेली ते यातच आलं.

आता पॉलियुरेथेन. माल वाईट नाही, पण तुमच्या गाडीला नको. मूळ बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, आर्म वरखाली झाला की रबर पिळलं जातं आणि सोडलं की परत येतं. मागच्या बुशात मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात, त्या खड्ड्याचा दणका खातात. पॉलियुरेथेनचा बुश भरीव आणि कडक, शिवाय तो चिकटवलेला नसतो, नळीवर फिरतो. म्हणून त्याला सिलिकॉनचं ग्रीस लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, चिखलपाण्यात ते ग्रीस धुतलं गेलं की कुईकुई सुरू. मग पुन्हा उघडा, पुन्हा ग्रीस. स्टेअरिंग नेमकं होतं हे खरं, पण जो दणका बुश खात होता तो आता सबफ्रेममधून (आर्म जिला जोडलेला असतो ती चौकट) बॉडीत आणि आईंच्या पाठीत जाणार. घाटात शर्यतीसारखी गाडी चालवणाऱ्याने जरूर टाकावेत.

आणि तुम्हाला जो फरक हवाय, तो नव्या रबरी बुशानेही मिळेल. तुमची आठवण ९२ हजार किलोमीटर चाललेल्या बुशांची आहे. गाडी नवी असताना ती या पुलावर सरळच जात होती ना? तेव्हाही रबरच होतं.

पूर्ण आर्म घ्या. या किलोमीटरला बॉल जॉइंटही अर्धं आयुष्य जगलेला असतो, आणि पूर्ण आर्मबरोबर तो नवा येतो. नुसता बुश प्रेसवर बसवताना खाचांची दिशा चुकली तर नवा बुशही लवकर जातो. दोन्ही बाजू एकदम करा.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, इथेच बहुतेक ठिकाणी चूक होते. आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना शेवटचे घट्ट करू द्यायचे नाहीत. हवेत चाक खाली लोंबत असतं. तिथे बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश वर्षभरातही फाटू शकतो. बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची किंवा आर्मखाली जॅक लावून तेवढीच उंची आणायची, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) कंपनीच्या मापावर घट्ट. मिस्त्रींना हे आधीच सांगा, राग मानणार नाहीत.

ऐरोलीकर_से८:

तुर्भे भाऊंशी सहमत. आणखी एक. गाडी धुतल्यावर खालून डिझेल नाहीतर जुन्या ऑइलचा फवारा मारतात, गंज लागू नये आणि आवाज बंद व्हावा म्हणून. ते बंद करा. आवाज दोन दिवस जातो, पण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. माझ्या आधीच्या गाडीचे बुश असेच गेले, तोवर मी दर महिन्याला पैसे देऊन फवारा मारून घेत होतो. इंजिन ऑइलची गळती त्या बाजूला नाही ना, तेही बघून घ्या.

घोडबंदरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. तळहात फिरवून बघितला, बाहेरून आत नेताना स्पष्ट टोचतं, म्हणजे दोष 'टो'चाच. फवाऱ्याचंही खरं निघालं. मला वाटायचं तो सर्व्हिसिंगचा भाग आहे. बंद केला.

परवा काम झालं. दोन्ही आर्म कंपनीच्या रबरी बुशांसह. मिस्त्रींना बोल्टचं सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, घाईत पोरं तसंच आवळतात." मग त्यांनी स्वतः गाडी पिटवर चाकांवर उभी करून माझ्यासमोर टॉर्क रेंच लावला. जुना डावा आर्म हातात घेतला तर बुशची आतली नळी बोटाने हलत होती. उजवाही जवळून बघितल्यावर वाटलं होतं त्याहून वाईट होता.

त्यानंतर अलाइनमेंट. टायर अजून जुनेच आहेत, मागचे दोन चांगले आहेत ते पुढे घेतले आणि झिजलेले तात्पुरते मागे. पुढच्या महिन्यात बदलतो.

ऐरोली पुलावर काल मुद्दाम ७०ला धरून बघितली. रस्त्याला डावीकडे उतार असतो तेवढीच हलकी ओढ आहे, हाताने सारखी दुरुस्ती नाही. ब्रेकला सरळ थांबते. आज सकाळी आईला वाशीला नेलं. तिला काय बदललं ते सांगितलं नव्हतं. कोपरीच्या पुढे आल्यावर तिने हँडल सोडलं आणि म्हणाली, "आज गाडी नीट चालवतोयस."

तुर्भे भाऊ, एक शेवटचं विचारायचं राहिलं. मागच्या टॉर्शन बीमचे बुश कधी तपासायचे? मागून स्पीडब्रेकरवर एक बारीक धप आवाज येतो, तो आत्ता पुढचे आवाज बंद झाल्यावर ऐकू यायला लागलाय.

तुर्भे_गॅरेज:

आत्ताच तपासा. मागच्या टायरांच्या आतल्या कडेवरही हात फिरवा, पण झिजलेले टायर मागे गेलेत हे लक्षात ठेवून. मागून काढून जे दोन पुढे लावलेत, त्यांची कडा बघा. ती सारखी झिजलेली असेल तर बीम सरळ बसलाय, आणि आवाज बहुधा शॉकअपच्या वरच्या बुशचा असेल. आणि हो, झिजलेले टायर मागे ठेवून पावसात जोरात जाऊ नका. मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते. पुढच्या महिन्याची वाट बघू नका, पाऊस संपायच्या आत बदला. नवे टायर आले की ते मागे टाका.